पाण्याची गोळी : एका गोळीत दोन औषधे

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बँकेच्या शाखेत पेन्शनदारांची रांग लागते. निवृत्त शिक्षक, एस.टी.चे वाहक, सफाई कामगार, कुणाची विधवा पत्नी. या रांगेतून दर अर्ध्या तासाला कुणी ना कुणी खिडकीशी येऊन हळूच म्हणते, "साहेब, पाण्याची गोळी खाऊन आलोय, तेवढा नंबर धरा." आम्ही नंबर धरतो. कधी सहज विचारले, की बाबा, गोळी कोणती? तर उत्तर ठरलेले असते : "ती पिवळी," किंवा "ती बारकी, अर्धी करून घ्यायची." नाव कुणाला ठाऊक नसते. यावर हसण्याचा अधिकार आम्हाला नाही, कारण २०२२ च्या मे महिन्यापर्यंत आमच्या स्वतःच्या घरातील गोळीचे नाव आम्हालाही ठाऊक नव्हते.

आमच्या आईचे वय तेव्हा ७२. रक्तदाब जुना, साखर थोडी. पायांवर सूज येऊ लागली तेव्हा येथील एका डॉक्टरांनी तिला पाण्याची गोळी दिली आणि सूज उतरली. एप्रिलमध्ये ती आमच्या बहिणीकडे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहावयास गेली. तेथे दम लागला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले. जुनी चिठ्ठी बरोबर नव्हती. त्यांनीही एक गोळी लिहून दिली. नाव वेगळे, रंग वेगळा, कंपनी वेगळी. पाथर्डीस परत आल्यावर आईने दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या, कारण एक सुजेची आणि दुसरी दम्याची, अशी तिची समजूत. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी होतीच. वैशाखाचे ऊन, तोंडाला चव नाही, अशक्तपणा फार, म्हणून आम्हीच रोज एक शहाळे आणून देऊ लागलो. बारा-तेरा दिवसांनी एके सकाळी तिला पलंगावरून पाय खाली टाकता येईना. नाडी अगदी मंद. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, तर पोटॅशियम ६.९ निघाले. ते साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. सहाच्या वर गेले की हृदयाचा ठोका केव्हाही चुकू शकतो, आणि तो चुकेपर्यंत माणसाला थकव्याखेरीज काही जाणवेलच असे नाही.

शिरेवाटे कॅल्शियम दिले, ग्लुकोज व इन्सुलिन दिले. चार दिवसांनी आई घरी आली. पण त्या पहिल्या दिवशी डॉक्टर साहेबांनी दोन्ही पाकिटे उलटी करून बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "दोन्हींत स्पायरोनोलॅक्टोन आहे. डबल डोस चालला होता. घरात कुणी वाचणारे नाही का?" आम्ही पदवीधर, चेकवरील तारीख, अक्षरी रक्कम आणि सही दिवसातून शंभर वेळा ताडून पाहणारे. आम्ही खाली मान घातली.

त्यानंतर आम्ही त्याच डॉक्टरांकडून, आमच्या मेडिकलवाल्या मित्राकडून आणि वाचनातून जे समजून घेतले ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. यातील काही वाचून कुणीही स्वतःची गोळी बंद करू नये किंवा वाढवू नये. गोळी ओळखावी आणि डॉक्टरांना चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मूत्रपिंडाचा हिशेब

आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. लघवीवाटे बाहेर जाते ते दीड-दोन लिटर. परत घेण्याचे हे काम मिठावर चालते. मिठातील सोडियम जिकडे जाते, पाणी त्याच्या मागे जाते. शरीरात मीठ साठले की पाणी साठते, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, पायावर बोट दाबले तर खळगा राहतो. पाण्याची गोळी, जिला वैद्यकीय भाषेत मूत्रल औषध म्हणतात, ती पाणी थेट काढीत नाही. ती सोडियम परत घेण्याचे एक दार अडविते. सोडियम लघवीत राहिले की पाणीही राहते.

अशी दारे तीन ठिकाणी आहेत. फ्रुसेमाइड आणि टॉर्सेमाइड ही औषधे मधल्या मोठ्या दारावर काम करतात. ती जोरकस असतात आणि सूज व दम यांवर देतात. फ्रुसेमाइडचा जोर सहा तासांत ओसरतो. लासिक्स हे त्याचे नावच 'सहा तास टिकणारे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले, असे सांगतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि क्लोरथॅलिडोन ही पुढच्या दारावरची. त्यांचा जोर कमी, पण परिणाम दीर्घ, म्हणून नुसत्या रक्तदाबासाठी बहुधा हीच देतात. या दोन्ही प्रकारांत एक तोटा आहे. लघवीतून सोडियमबरोबर पोटॅशियमही निघून जाते, आणि पोटॅशियम घटले की पायात गोळे येतात, अंग गळते, हृदयाची लय बिघडते.

तिसरे दार अगदी शेवटी आहे. तेथे अदलाबदल चालते. सोडियम आत घ्यायचे आणि त्याबदली पोटॅशियम बाहेर सोडायचे. ही अदलाबदल अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या हुकमाने होते. स्पायरोनोलॅक्टोन तो हुकूम अडविते. अमिलोराइड आणि ट्रायमटेरीन ते दारच बंद करतात. म्हणून ही औषधे पोटॅशियम राखतात.

आता जोडगोळीचे इंगित ध्यानात येईल. एक औषध पोटॅशियम सांडते, दुसरे राखते, दोन्ही मिळून पाणी काढतात. आमच्या भाषेत सांगायचे तर एकाच खात्यावर एक नोंद नावे, एक नोंद जमा. पण खाते जुळते केव्हा? जेव्हा तिसरा कुणी न सांगता त्यात भरणा करीत नाही तेव्हा. आमच्या आईच्या खात्यात दुसरी गोळी, दुखण्याची गोळी आणि शहाळे असे तीन भरणे एकदम झाले होते, आणि पासबुक कुणी भरून घेतले नव्हते. पासबुक म्हणजे रक्ताची तपासणी.

थोडे मागचे

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचे नाव मोठे आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि पुढे १९५७ चे लास्कर पारितोषिक त्यांना मिळाले. सर्पगंधेपासून निघालेले रेसर्पिन आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली थायाझाइड जातीची पाण्याची औषधे यांची गाठ पुढे एकाच गोळीत पडली. अॅडेलफेन-एसिड्रेक्स हे नाव आमच्या वयाच्या वाचकांच्या कानावरून गेले असेल. ज्याच्या त्याच्या आजोबांच्या उशाशी ती असे. त्यातले एसिड्रेक्स म्हणजे पाण्याचे औषध. म्हणजे संयुक्त गोळी आपल्या घरांत नवी नाही. ती उघडून पाहण्याची सवय मात्र जुनी नाही.

तपासणी न करता काय होते याचा धडा कॅनडातील ओंटारिओ प्रांताने दिला. १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय दुबळे झालेल्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिले असता मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले, असे त्यात निघाले. औषध खरोखर गुणाचे. डॉक्टरांनी ते भराभर लिहिण्यास सुरुवात केली. पण अभ्यासात रुग्ण निवडून घेतलेले होते आणि त्यांचे रक्त वारंवार तपासले जात होते, तसे बाहेर झाले नाही. २००४ साली ओंटारिओतील वृद्ध रुग्णांची आकडेवारी छापून आली. पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होते, ते २००१ साली हजारी ११ वर गेले होते, आणि त्या कारणाने होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर. गोळी तीच, फरक तपासणीचा. 

पाकिटावर काय वाचावे

मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीने ठेवलेले असते. त्याच्याखाली बारीक अक्षरांत औषधांची खरी नावे असतात. ती वाचावीत, इंग्रजी येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाकडून कागदावर उतरवून घ्यावीत. आकड्यावर भरवसा ठेवू नये. उदाहरणार्थ, लासिलॅक्टोन ५० मधील ५० हा आकडा स्पायरोनोलॅक्टोनचा आहे आणि त्यात फ्रुसेमाइड २० मिलिग्रॅम असते. डायटोर प्लस १० मध्ये मात्र १० हा आकडा टॉर्सेमाइडचा आहे, आणि स्पायरोनोलॅक्टोन त्यातही ५० च आहे. ज्याला वाटेल की "पन्नासची होती ती दहाची केली, म्हणजे कमी झाली," त्याची फसगत ठरलेली. अल्डॅक्टोन म्हणजे नुसते स्पायरोनोलॅक्टोन. ते यांपैकी एखाद्या गोळीबरोबर घरात आढळले तर दोन्ही पाकिटे घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. कधी कधी डॉक्टर मुद्दाम तसे देतात. पण मुद्दाम दिले आहे की चुकून झाले आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मेडिकलवाल्याने "तेच आहे, कंपनी दुसरी" म्हणून वेगळे पाकीट दिले तर जुने संपवून नवे सुरू करावे. दोन्ही डब्यात एकत्र ठेवू नयेत. सगळा घोटाळा डब्यातच होतो.

काय बरोबर घेऊ नये

शहाळ्याविषयी आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास जाणारा माणूस हातात शहाळे घेऊनच जातो. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. पण पोटॅशियम राखणारी गोळी चालू असेल, वय झालेले असेल, मधुमेहाने मूत्रपिंड मंदावलेले असेल, तर रोजचे शहाळे हे औषधासारखेच मोजून घ्यावयाचे आहे. केळी, मोसंबीचा रस, टोमॅटोचे सार यांचेही तेच. एक केळे खाल्ल्याने कुणी मरत नाही. रोजच्या रोज आणि "ताकद यावी" म्हणून जे सुरू होते त्याची भीती आहे.

दुसरे, कमी सोडियमचे मीठ. रक्तदाबाला चांगले म्हणून मुले शहरातून हौसेने आणून देतात. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ज्याची पोटॅशियम राखणारी गोळी चालू आहे त्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटात घेऊ नये. साधे मीठच कमी खावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत, मीठ खाण्यास सांगते. आपल्या ठेच्याचा, लोणच्याचा, पापडाचा आणि सुकटीचा हिशेब केला तर ते जेवणाआधीच संपते. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियमच. त्याला वेगळे समजू नये.

तिसरी, दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवितात, मीठ-पाणी अडवून धरतात आणि पोटॅशियम वाढवितात. म्हणजे पाण्याची गोळी एकीकडे ओढते आणि ही दुसरीकडे. गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक घरात ती असते, आणि मेडिकलमध्ये ती मागितली की मिळते. चौथे, रक्तदाबाचीच काही औषधे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल हीदेखील पोटॅशियम वाढवितात. हृदयाच्या काही रुग्णांना ती स्पायरोनोलॅक्टोनबरोबर जाणूनबुजून देतात आणि त्यांचा गुण येतो, म्हणून ती आपल्या मनाने सोडू नयेत. तपासणी मात्र चुकवू नये. लघवीच्या जळजळीवर मिळणाऱ्या सेप्ट्रानसारख्या गोळ्यांतील ट्रायमेथोप्रिमही पोटॅशियम वाढविते, हे फार थोड्यांना माहीत आहे. आम्हालाही नव्हते.

तपासणी कोणती? रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा, सुरू केल्यावर आठवड्याभरात, महिन्याने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे दर तीन-चार महिन्यांनी. डोस वाढविला तर पुन्हा पहिल्यापासून. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि गोळी थांबविल्यावरही काही दिवस राहतो, म्हणून "आज घेतली नाही, आता काय होणार" असे म्हणून चालत नाही.

पोटॅशियम वाढते तसे सोडियम उतरूही शकते, विशेषतः थायाझाइड जातीच्या गोळीने आणि विशेषतः कृश, वृद्ध स्त्रियांत. अशी बाई अचानक असंबद्ध बोलू लागते, माणसे ओळखत नाही, झोपूनच राहते. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला, शेजारी म्हणतात बाहेरचे आहे, आणि कुणी तरी तिला देवऋष्याकडे घेऊन जातो. समाजातील शिकलेल्या मुलांना आमचे सांगणे आहे, की अशा वेळी आधी तिच्या गोळ्यांचे पाकीट पाहा आणि तिला दवाखान्यात न्या.

प्रत्येक सूज पाण्याची नाही

सूज हे लक्षण आहे, रोग नव्हे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, अंगात रक्त कमी असणे, कशानेही ती येते. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तेथे पाण्याची गोळी घेऊन वाट पाहणे घातक. आणि गंमत अशी, की रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या अत्यंत प्रचलित गोळीनेच घोट्यावर सूज येते. ती पाणी साठल्याने आलेली नसल्यामुळे पाण्याच्या गोळीने फारशी उतरत नाही. एका औषधाची सूज उतरविण्यास दुसरे औषध आणि दुसऱ्याचा तोटा भरून काढण्यास तिसरे, अशी साखळी लागते. "ही सूज माझ्या एखाद्या गोळीची तर नाही ना?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात अवमान नाही.

ऊन, फड आणि प्रवास

आता आपल्या तालुक्याविषयी. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डीच्या गावोगावहून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, कोयत्याचा जोडीदार ठरलेला असतो, मुकादम घाई करतो. चाळिशी-पन्नाशीची, रक्तदाब असलेली माणसेही त्यांत असतात. सहा महिन्यांची बिऱ्हाडाची पेटी बांधली जाते, गोळ्या महिन्याच्याच. फडात पहाटेपासून काम, दुपारी ऊन, घाम, पाणी बेताचे. अशा अंगावर पाण्याची गोळी पडली तर अंगातले पाणी आणखी आटते, उभे राहताना अंधारी येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. बायांची अडचण आणखी वेगळी. फडात आणि कोपीजवळ आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत किंवा गोळीच घेत नाहीत. दोन्ही वाईट. टोळीत जाणाऱ्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, की मी कोणते काम करतो, उन्हात किती तास असतो, लघवीची सोय काय आहे. त्यावरून औषध बदलता येते, वेळ बदलता येते. डॉक्टरांना फड दिसत नाही, तो आपणच सांगावा लागतो. कारखान्याच्या गावी सरकारी आरोग्य केंद्र असते, तेथे रक्तदाब मोजून घेता येतो व नेहमीच्या गोळ्या मिळण्याची शक्यता असते. त्यासाठी चिठ्ठी जवळ हवी.

१४ एप्रिलची मिरवणूक आणि वैशाखी पौर्णिमा ऐन उन्हात येतात, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीचा प्रवास रात्रभराचा. त्या दिवशी गोळी सोडून देण्याची सर्वांची पद्धत आहे. एक दिवस सोडल्याने बहुतेकांचे बिघडत नसेल, पण ज्याचे हृदय दुबळे आहे त्याचे बिघडू शकते. गोळी शक्यतो सकाळीच घ्यावयाची असते, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. प्रवासाच्या दिवशी ती काही तास पुढे-मागे करता येईल का, हे आधी विचारून ठेवावे. अष्टशील पाळणाऱ्या उपासिका दुपारनंतर अन्न घेत नाहीत, सकाळची गोळी आणि दिवसभराचे पाणी यांना त्यात अडथळा येत नाही. मधुमेहाची गोळी असेल तर ती गोष्ट निराळी, ती विचारूनच. जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन खाणे-पिणे सुटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी पाण्याची गोळी बहुधा दोन-चार दिवस थांबवावयास सांगतात. याउलट दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले किंवा झोपल्यावर दम लागू लागला तर पाणी पुन्हा साठते आहे असे समजावे. त्यासाठी घरात वजनकाटा नसला तरी चालेल. किराणा दुकानातील काट्यावर ओळखीने उभे राहू देतात.

एक गोष्ट पुरुषमंडळी सांगत नाहीत म्हणून येथे लिहितो. स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती दुखरी होते, फुगते. लाजेने ते गोळी बंद करतात आणि डॉक्टरांपुढे "घेतो की" म्हणतात. मग रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर दुसरे औषध वाढवितात. यावर इप्लेरेनोनसारखा पर्याय आहे, फक्त तोंड उघडावे लागते. गरोदर स्त्रीने किंवा गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ही गोळी चालू असल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

आमच्या आईची आता एकच पाण्याची गोळी आहे, डोस निम्मा. सकाळी चहानंतर ती घेते. तिच्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वहीचा कागद असतो. त्यावर सर्व औषधांची खरी नावे, मिलिग्रॅम आणि मागच्या तपासण्यांचे आकडे मराठीत लिहिलेले आहेत. मागच्या खेपेस पोटॅशियम ४.६ आले. गुडघ्याला ती गरम पाण्याने शेकते, फारच दुखले तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घेते. भेटावयास येणारे पाहुणे अजूनही शहाळे आणतात. ती त्यांना नाही म्हणत नाही. ते आम्ही पितो.